विषयाच्या ओळीतील श्री

ई-मेल लिहिताना ‘विषय’ या नावाची जी एक रिकामी ओळ समोर येते, तिच्यात काय लिहावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. निवृत्तीनंतर दर गुरुवारी दुपारी मी वाचनालयात गृहिणींना आणि ज्येष्ठांना ई-मेल शिकवते आणि दर वेळी कोणीतरी हाच प्रश्न विचारते. उत्तर एका वाक्याचे आहे. तरीही ते मी सविस्तर देणार आहे, कारण ते मला ज्या चुकीतून मिळाले ती चूक मत्सरापोटी घडली होती, आणि ती गाळून दिलेले उत्तर मला अपुरे वाटते.

पाटोद्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर मी ज्या गल्लीत खोली घेतली, तिच्या तोंडाशी बांगड्यांचे एक दुकान होते. दुकान एका लिंगायत कुटुंबाचे. मालक बाहेरगावच्या बाजारांना जात आणि दुकान त्यांची पत्नी सांभाळी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर कोणाचे तरी मनगट आणि तोंडाने अखंड बोलणे, अशी त्यांची मूर्ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. छापील अक्षर सावकाश वाचत. लिहायचे मात्र त्यांना जमत नसे. एकुलता एक मुलगा आधी लातूरला शिकायला आणि मग हैदराबादला नोकरीला गेला. त्याला जाणारे प्रत्येक पत्र मी लिहीत असे. अशी सुमारे पंधरा वर्षे गेली.

पत्रलेखन मी वर्गात शिकवत असे. माझी पत्रे त्यामुळे नियमाने चालत. वर मधोमध श्री, उजवीकडे दिनांक, मग ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’, आणि नंतर मजकूर. काकू सांगत, “लिवा बाई. म्हनावं, लई आठवण येती. दोडक्याची भाजी केली की घास उतरत न्हाई. आन त्या मेल्या भाड्याच्या खोलीत पंखा हाय का न्हाई ते कळव म्हनावं.” मी लिहीत असे, “तुझी वारंवार आठवण येते. निवासाची व्यवस्था कशी आहे ते कळवावे.” लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचून दाखवी. काकू पदराने डोळे टिपत आणि म्हणत, “किती चांगलं लिवता वो बाई!” मला त्यात खोट दिसली नाही.

या पत्रांपैकी एकच श्रीविना गेले. काकूंचे यजमान वारले तेव्हा मुलगा परीक्षेला बसलेला होता. तार रात्रीच गेली होती, परंतु ती त्याला मिळाली नाही. पोहोचले ते मी मागाहून लिहिलेले कार्ड. मृत्यूच्या पत्रावर आपण श्री लिहीत नाही, आणि ते वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकतो. मुलाने मला पुढे सांगितले की वसतिगृहाच्या दारात कार्ड हाती घेतल्याबरोबर, मजकुराकडे नजर जाण्याआधीच, वरची कोरी जागा पाहून तो खाली बसला होता.

पुढे गावात पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने आली, आणि काही वर्षांनी आमच्या रस्त्यावरच्या दुकानाने फोनच्या खोक्याशेजारी दोन संगणक मांडून पाटीवर ‘इंटरनेट’ असे रंगवून घेतले. संगणक पाहायची ती दुकानदाराची धाकटी सून. लातूरची, संगणकाचा कोर्स केलेली, वय फार तर चोवीस. हैदराबादच्या मुलाने कळवले, ‘बाई, पत्राला आठ दिवस लागतात. ऑफिसात ई-मेल त्याच दिवशी मिळते. आईसाठी एक खाते उघडून घ्या.’

मी वही घातली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, नियम लाल शाईने. नियम पहिला: पत्ता लिहिताना मध्ये जागा सोडू नये, एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते. नियम दुसरा: पासवर्ड घराच्या किल्लीप्रमाणे जपावा. नियम तिसरा: काम संपले की खाते बंद करूनच उठावे. मग ती विषयाची ओळ आली. मजकुराच्या वर, सर्वांत आधी भरायची ती जागा पाहून मला शंकाच उरली नाही. मी नियम चौथा लिहिला: येथे श्री लिहावे.

सून माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, “बाई, विषयात पत्र कशाबद्दल आहे ते लिहितात. म्हणजे उघडायच्या आधीच कळतं.”

“आमच्याकडे पत्राची सुरुवात श्रीने होते,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला पस्तीस मुलांच्या वर्गाला गप्प करायची सवय होती. तिला गप्प केल्याचे समाधान मी घरापर्यंत नेले.

वर्षभर सारे सुरळीत चालले. काकू माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगत, मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असे, आणि दर पंधरा दिवसांनी हैदराबादला ‘Shri’ या विषयाचे एक पत्र जाई. मग प्रशिक्षणासाठी मला आठ दिवस बीडला जावे लागले. परतले त्या संध्याकाळी काकूंनी दुकानातूनच हाक मारली.

“बाई, तुमी न्हवत्या म्हून त्या पोरीकडं गेलते. त्याचं उत्तर बी आलं. वाचा की.”

त्यांनी घडी केलेला छापील कागद पुढे केला. वरच्या ओळीवरून दिसत होते की विषयात सुनेनेही माझ्यासारखे श्रीच ठेवले होते. मी वाचू लागले. मुलाने लिहिले होते, ‘आई, तुझं पत्र वाचून हसलो आणि रडलोही. पंखा आहे, पण तो तुझ्यासारखाच कुरकुर करतो. या वेळी खरंच तू गल्ल्याच्या पलीकडून बोलतेस असं वाटलं. आधीची पत्रं बाईंची वाटायची.’

शेवटचे वाक्य मी वाचले नाही. ‘असं वाटलं’पाशी थांबून मी कागदाची घडी घातली.

“संपलं?” काकूंनी विचारले.

“संपलं.”

काकू कोणा गिऱ्हाइकासाठी डबा उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आन बाईंचं काय लिवलंय, ते ऱ्हायलं की.”

सुनेने ते पत्र त्यांना आधीच वाचून दाखवले होते. मी म्हणाले की छपाई पुसट आहे. काकू म्हणाल्या, “व्हय, आसंल पुसट,” आणि हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, तरी मला ते पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिले.

त्यानंतर काकू माझ्याकडे पत्रासाठी आल्या नाहीत. भाजी आणून दिली, अंबाडी भाकरीसोबत कशी खायची ती रीत पुन्हा एकदा समजावली, माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. पत्राचे मात्र नाव नाही. शाळेतून येताना त्या नेटच्या दुकानाबाहेर काकूंच्या चपला दिसत. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, त्यामुळे ओळखायला क्षणही लागत नसे. आत त्या दोघींचे हसणे चालू असे. मी थांबत नसे. पण चालीचा वेग कमी करी. पंधरा वर्षांत त्या माझ्या शेजारी बसून एवढ्या हसल्या होत्या का, याचा मी प्रामाणिकपणे हिशेब करून पाहिला. उत्तर नकारार्थी आले.

मग मी एक निश्चय केला. मत्सरी माणूस त्याला अभ्यास म्हणतो. रोज शाळा सुटली की मी दुसऱ्या संगणकावर बसू लागले. सुनेला जे येते ते सगळे आपल्याला आले पाहिजे आणि तिच्या हातून जे चुकेल ते आपल्याला दिसले पाहिजे, ही दोन उद्दिष्टे मी वहीत लिहिली नाहीत, एवढेच.

शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी मी पोहोचले तेव्हा काकू आधीच बसल्या होत्या. सुनेने त्यांच्यासाठी एक नवल तयार केले होते. तिने मराठी अक्षरांचा फॉन्ट मिळवला होता आणि काकू बोलतील तसे देवनागरीत टाइप करून ठेवले होते. काकू पडद्याला नाक लावून एकेक शब्द वाचत होत्या.

“लई… आठवण… येती. अगं, हे माझंच बोलनं हाय की!”

“तुमचंच, काकू. जसंच्या तसं.”

“बाई, बघा वो, हिनं माझी बोली छापली!”

मी पाहिले. ‘येती’, ‘न्हाई’, ‘कावून’ असे सारे शब्द तसेच. मुलांच्या वहीत मी ज्यांवर लाल रेघ मारते तेच शब्द काकू देवाच्या पोथीसारखे बोट ठेवून वाचत होत्या. मी म्हणाले, “छान आहे.”

सुनेने ते पान फाइल म्हणून पत्राला जोडले. तेवढ्यात वीज गेली आणि यूपीएस किंचाळू लागला. त्याची शक्ती दोन-तीन मिनिटांची. ती घाईने पत्ता भरू लागली. मी मागे उभी होते. मला पडदा स्पष्ट दिसत होता. विषयाची ओळ कोरी होती. खाली मजकुराची जागाही कोरी, कारण सगळे लिहिणे त्या जोडलेल्या फाइलमध्ये. ‘विषय राहिला’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर आले. ते मी गिळले. माझ्या मनात त्या वेळी काय होते ते आठवून सांगते: मुलाला कोरे पत्र मिळेल, त्याला ते विचित्र वाटेल, आणि तो लिहील की आई, बाईंकडूनच लिहून घेत जा.

पत्र गेले. पडदा काळा झाला. काकू म्हणाल्या, “गेलं ना पर?” सून म्हणाली, “गेलं!” आणि दोघी टाळी देऊन हसल्या.

अर्ध्या तासाने वीज आली. काकू दुकानाकडे गेल्या. सून स्वयंपाकाला आत गेली. मी मात्र संगणकासमोर बसले आणि तो मराठी फॉन्ट कसा चालतो ते शोधत दुकान बंद होईपर्यंत नेट चालू ठेवले. इथे नवशिक्यांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्या काळी नेट फोनच्याच तारेवरून चाले. नेट सुरू असेपर्यंत तो फोन बाहेरच्याला सतत व्यस्त लागे. हे मला ठाऊक होते. माझ्या वहीत तो नियम सहावा होता.

रविवारी सकाळी मी काकूंच्या पायरीवर बसून शेंगा निवडत होते. काकू एका नव्या नवरीला चुडा भरत होत्या. मांजरसुंब्याहून येणारी जीप कोपऱ्यावर थांबली आणि तिच्यातून मुलगा उतरला. हातात पिशवी नाही, दाढी वाढलेली, चपला काढून हातात घेतलेल्या. दुकानासमोर आला, आईकडे पाहिले आणि रस्त्यावरच मटकन बसला.

काकूंच्या हातातली बांगडी तशीच राहिली. “आरं, कावून आलास असा? नोकरी गेली का काय रं?”

तो म्हणाला, “आई, तुझ्या पत्रावर श्री नव्हतं.”

मग तुकड्यातुकड्यांनी सगळे बाहेर आले. शनिवारी संध्याकाळी त्याने ऑफिसात खाते उघडले. वर्षभर ज्या ओळीत श्री येई ती कोरी. मजकूर कोरा. जोडलेली फाइल उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण तो फॉन्ट त्याच्या संगणकात नव्हता. त्याला ते आईच्या बाबतीत घाईने, कोणा रडणाऱ्याने लिहिलेले वाटले. त्याच्याकडे गावातला एकच नंबर होता, एसटीडीच्या दुकानाचा. तो दुकान बंद होईपर्यंत व्यस्त लागला आणि मग नुसताच वाजत राहिला. गावभर फोन चालले आहेत, सोयऱ्यांना कळवत आहेत, असे त्याने ताडले आणि मिळेल ती बस धरली.

गर्दी जमली होती. समोरचा चहावाला एसटीडीवाल्याला म्हणाला, “काय बे, तुझ्या नेटानं जित्या म्हातारीला मारलं की!” सगळे हसले. काकूही हसल्या, पण त्यांनी मुलाचे मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

सून धावत आली होती. ती हसली नाही. “माझ्यामुळे झालं, काकू. फॉन्ट बघायला पाहिजे होता,” असे म्हणून ती रडू लागली. मी शेंगा निवडत राहिले. माझ्या मनातला मत्सर त्या क्षणीसुद्धा गेला नव्हता. काकूंनी पुढे होऊन तिचे डोळे पुसले, तेव्हा तो वाढला.

दुपारी ती माझ्या खोलीवर आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

“बाई, काल तुम्ही माझ्या मागं उभ्या होतात.”

“हो.”

“विषय कोरा राहिलेला तुम्हाला दिसला होता?”

अर्धे उत्तर देणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावले आहे. म्हणाले, “दिसला होता. मी मुद्दाम बोलले नाही. आणि नंतर फोनची तारही मीच अडवून बसले होते.”

ती म्हणाली, “विषयात श्री लिहायचं नसतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं. एवढं एकदा ऐकलं असतं तर कोऱ्या ओळीला त्यानं भ्यायचं कारणच नव्हतं.” उंबऱ्यातून उतरताना तिने मागे वळून पाहिले. “मी काकूंना काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा.”

मी संध्याकाळी सांगितले. मुलगा आत झोपला होता. काकू डब्यांतल्या बांगड्या मापाप्रमाणे लावत होत्या: सव्वादोन डावीकडे, अडीच मधे, पावणेतीन उजवीकडे. मी क्रमाने सगळे सांगितले, न वाचलेल्या वाक्यापासून अडवलेल्या तारेपर्यंत. त्यांचे हात थांबले नाहीत.

“तुमी बोलल्या असत्या,” त्या शेवटी म्हणाल्या, “तर ल्योक कशाला आला असता? दीड वर्सानं तोंड दिसलं त्याचं.” मी सुटले असे मला वाटले, तोच त्यांनी डब्याचे झाकण लावले. “पर रातभर बसमंदी त्यानं मला मेलेली धरली, बाई. त्ये मी इसरनार न्हाई. आता पत्र ना तुमी लिवायचं, ना त्या पोरीनं. मीच लिवनार.”

“काकू, तुम्हाला टाइप…”

“शिकन की. डबे न्हाई का ध्यानात ठिवत? डोळे झाकून अडीचचा डबा काढते मी.”

खरोखरच त्यांनी कळफलक तसाच लक्षात ठेवला. कोणते अक्षर कोणत्या खणात, हे त्यांना सुनेने शिकवले. मला शिकवू दिले नाही. मी शेजारच्या संगणकावर बसून ऐकत असे. पहिल्या दिवशी विषयाची ओळ आली तेव्हा सून थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत राहिले. ती म्हणाली, “काकू, इथं काय लिहायचं?”

“आरं देवा, ह्यात काय इचारायचं? उघडायच्या आदी त्याला काय कळाया पायजे? मी बरी हाय, येवढंच की.”

आणि त्यांनी एका बोटाने, प्रत्येक खण शोधत, नऊ अक्षरे दाबली: mi bari hay. ‘हाय’ पाहून माझा हात आपोआप पुढे झाला. तो मी मांडीवर दाबून ठेवला.

पुढे वर्षानुवर्षे काकूंच्या प्रत्येक पत्राचा विषय काही ना काही असा असे: ‘गुडघा दुखतो’, ‘पाऊस न्हाई’, ‘तिला मुलगी झाली’. शेवटची बातमी त्या सुनेची होती. बारशाला मी गेले. बाळ काकूंच्या मांडीवर होते आणि सून त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती. मला जागा दिली, पेढा दिला, आणि मी ओढूनताणून हसून घरी आले. त्या दोघींच्या मधली ती जागा मला कधी मिळाली नाही. ती अजून हवीशी वाटते.

तर उत्तर असे: विषयाच्या ओळीत, पत्र उघडण्याआधी वाचणाऱ्याला जी गोष्ट कळायला हवी ती लिहावी, ज्याचे पत्र त्याच्याच शब्दांत, आणि ओळ कधीही कोरी सोडू नये. श्री लिहायचे असेल तर मजकुराच्या आरंभी लिहावे, तेथे ते शोभते. मी हा चौथा नियम खोडून नव्याने लिहिला आहे, परंतु नियम लिहिण्यात मी एकदा चुकलेली बाई आहे. म्हणून वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. आपण पाठवलेल्या पत्रांची यादी उघडावी, फक्त विषयांच्या ओळी वाचाव्यात, आणि दूर बसलेल्या माणसाला तेवढ्यावरून काय समजले असेल ते स्वतः तपासून पाहावे, ही विनंती.